घड्याळमास्तर

मास्तरांकडे मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. दार उघडं होतं, खोलीत कोणी नव्हतं, आणि टेबलावर त्यांचं साखळीचं घड्याळ पडलेलं होतं. खिडकीतून वारा येत होता. बगलेतली पत्रकं मी टेबलावर ठेवली, उडू नयेत म्हणून वर ते घड्याळ ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो.

थोड्या वेळाने मास्तर आत आले. उंच, खांद्यात वाकलेले, डोक्याला रुमाल, अंगात उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. तू कोण, काय काम, काही नाही. पहिला प्रश्न, "घड्याळाचं काय केलंस?"

"पत्रकांवर ठेवलंय. वारा आहे."

ते टेबलाशी गेले, वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हे आजवर कुणी केलं नव्हतं. लोक हात लावत नाहीत, नाहीतर लावतात आणि दचकून ठेवतात. एका शाळातपासनिसाने कानाशी धरून हलवलं होतं. तुला घड्याळ दिसलंच नाही. तुला वजन दिसलं."

"तुम्ही बाहेरून बघत होता?"

"हो. फळीला भोक आहे."

एवढं निर्लज्जपणे सांगितलं त्यांनी. मी म्हणालो, "मला भांडायचंय."

"भांड की. चहा घेऊन भांड."

मला माणसं सहसा थोर वाटत नाहीत. थोर म्हणवून घेणाऱ्यांच्या सभेत उभं राहून प्रश्न विचारणं हाच माझा धंदा, आणि त्यापायी मी हारांऐवजी जोडे जास्त बघितले आहेत. तेव्हा हे लिहिताना माझा सूर बदललेला दिसला तर वाचकांनी समजून घ्यावं की त्याला कारण घडलेलं आहे.

भांडण कशाचं होतं ते सांगतो. सोलापुरातला मार्शल लॉ उठून गेला होता, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळेवर वाजत होते, आणि आम्ही काही तरुण एका ओळखीच्या छापखान्यात उरल्यासुरल्या कागदावर पत्रकं छापून गिरणीच्या दारात वाटत होतो. आमचा विषय होता गावाबाहेरची तारेच्या कुंपणाची वसाहत. सरकारने काही जातीच्या जाती गुन्हेगार ठरवून टाकल्या आहेत. माणसाने काही करावं लागत नाही, त्या घरात जन्मला एवढं पुरतं. त्याला कुंपणात ठेवायचं, सकाळी हजेरी घेऊन गिरणीत न्यायचं, दुपारच्या सुट्टीला गिरणीच्या दारात पुन्हा हजेरी, संध्याकाळी परत आत. मूल जरा हाताशी आलं की आईपासून काढून वसाहतीच्या बालगृहात घालायचं. का, तर आईचा स्वभाव मुलाला लागू नये. याला सरकारी भाषेत सुधारणा म्हणतात.

ज्याची वर्तणूक चांगली ठरेल त्याला कुंपणाबाहेर खोली घेऊन राहायची परवानगी मिळे, आणि मग मूलही त्याच्याजवळच राही. कोणाला द्यायची हे एक कमिटी ठरवी. त्या कमिटीला हल्ली शास्त्राची हौस आली होती. सोलापुरात मुंबईला जाऊन मानसशास्त्र शिकून आलेला माणूस एकच, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे आमचे हे मास्तर. कमिटीने त्यांना माणसांचे स्वभाव तपासायला बोलावलं आणि मास्तर हो म्हणाले. ते ऐकून मी तडक जिना चढलो होतो.

"तपासायला जाणं हाच अपमान आहे," मी म्हणालो. "वाण्याचा स्वभाव कोणी तपासतं का? वकिलाचा?"

"मी तपासतो," मास्तर म्हणाले. आणि ते खरं होतं.

मास्तर साखर पेठेत एका विणकराच्या माडीवर राहत. खाली दिवसभर मागांची खटखट, वर मास्तर आणि त्यांची पुस्तकं. घरमालक अण्णा तेलुगू माणूस, मराठी तोडून बोलायचा, पण बोलायचा नेमकं. "मास्तर शास्त्र बघतंय," तो मला सांगायचा, "आणि घड्याळाला किल्ली माझी बायको देतंय. नाहीतर कधीच बंद पडलं असतं शास्त्र."

स्वभाव म्हणजे काय, हा एकच प्रश्न या माणसाने तरुणपणापासून धरून ठेवला होता. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, हाच प्रश्न. आणि त्यापायी त्यांनी काय काय करून सोडलं होतं ते पेठेत घरोघर ऐकायला मिळे. मुंबईहून आले तेव्हा त्यांच्याजवळ डोकी मोजायचा एक दोन पायांचा लोखंडी आकडा होता. कपाळ किती रुंद, कवटी किती लांब, त्यावरून माणूस कळतो असं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी पेठेतली डोकी मोजली. मग लक्षात आलं की अण्णाचं आणि त्याच्या भावाचं माप अगदी सारखं येतंय. अण्णा माडीचं भाडंसुद्धा मागायला लाजायचा आणि भाऊ सख्ख्या आईशी कोर्टात भांडत होता. मास्तरांनी त्याच दिवशी आकडा खाली नेऊन दिला. माझ्या वेळी अण्णाची बायको त्याने निखाऱ्यावरचे पापड उलटत असे.

पुढे त्यांनी स्वप्नं धरली. वर्गातल्या मुलांना सांगितलं, सकाळी उठल्याबरोबर स्वप्न लिहून आणा. आठवड्यात सगळा वर्ग घोड्यावर बसून तलवार घेऊन यायला लागला. "घोडा एकाच्या स्वप्नात आला असणार," मास्तर म्हणाले, "बाकीच्यांनी त्याचं बघून लिहिलं. पण तो एक कोण हे मला कधीच कळलं नाही." हे सांगताना त्यांना खरंच हळहळ वाटत होती.

सगळ्यात गाजला तो चिठ्ठ्यांचा प्रकार. माणसाला लावायचे मराठीतले जेवढे म्हणून शब्द सापडतील तेवढे त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहिले. खाष्ट, भिडस्त, चिवट, तिरसट, दिलदार, आतल्या गाठीचा. सगळ्या एका माठात भरल्या आणि पेठेतल्या लोकांना सांगितलं, शेजाऱ्याला शोभतील त्या काढा. परिणाम काय व्हायचा तो झाला. दोन जावांची चूल वेगळी झाली, आणि एका न्हाव्याने मास्तरांची हजामत करायचं सोडलं. मास्तरांनी माठ रिकामा करून पाण्याला दिला आणि म्हणाले, "शब्द ज्याला लावतो त्याचं फार सांगत नाहीत. लावणाऱ्याचं सांगतात."

तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरून गेलं. कोणी म्हटलं की अमका फार लबाड आहे, की मास्तर हात वर करत. "कसा आहे ते नको सांगू. काय केलं ते सांग." हे वाक्य ते हेडमास्तरांनाही ऐकवत आणि भाजीवालीलाही. आमच्या पत्रकांवरही त्यांनी ते चालवलं. 'निर्दय भांडवलदार' असं मी छापलं होतं, त्याखाली शाईची रेघ ओढून म्हणाले, "काय केलं त्याने? ते छाप. निर्दय मी माझं ठरवीन."

मला राग आला. पण पुढच्या पत्रकात मी मालकाने एका कामगाराला केलेल्या दंडाची रक्कम आणि कारण छापलं, आणि लोक ते पत्रक दुमडून खिशात ठेवायला लागले.

आणि काय केलं हे बघायचं साधन म्हणजे ते घड्याळ. त्यांच्या वडिलांचं, चांदीचं, झाकणाचं. मास्तरांचं म्हणणं असं की माणसाला विचारलं की तो तयारीने उत्तर देतो. त्याला काही विचारू नये. एखादी मोलाची वस्तू ठेवावी, खोलीत एकटा सोडावा आणि बघावं. वर्षानुवर्षं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या घड्याळाजवळ एकटं सोडलं होतं. पेठेतली पोरं त्यांना घड्याळमास्तर म्हणत. जुने विद्यार्थी भेटायला आले की आधी भोकाकडे बघून हात जोडत, मग बसत.

तेच घड्याळ घेऊन मास्तर वसाहतीत गेले, आणि तिथे हौसाचं नाव निघालं.

हौसा गिरणीत रिळाच्या खात्यात होती. तिशीच्या आतबाहेरची, नवरा वारलेला, एकच मुलगी. मुलगी बालगृहाच्या वयाला आली होती. परवानगी मिळाली तर दोघी बाहेर, नाही मिळाली तर पोर महिनाअखेर आईपासून तुटणार. एवढं त्या एका सकाळवर टांगलेलं होतं.

कचेरीतल्या एका खोलीत मास्तरांनी टेबलावर घड्याळ ठेवलं. हौसाला आत बसायला सांगितलं. कमिटी शेजारच्या खोलीत. रस्त्याकडची खिडकी सताड उघडी होती. मग तिला बोलावलं. ती आली, टेबलावर घड्याळ नव्हतं. कमिटीतल्या डॉक्टरसाहेबांनी वसाहतीतल्या दाईला झडती घ्यायला सांगितलं, आणि तिच्या पदराच्या गाठीतून घड्याळ निघालं.

"ठिवलं हुतं," ती एवढंच म्हणाली. पुढचं कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही तिथली शिस्त. वसाहतीचे सुपरिंटेंडेंटसाहेब, जुने पोलिसातले माणूस, म्हणाले, "मास्तर, तुमचं शास्त्र एकदम फटकन चालतं की." निकाल लागला. शिक्षा नको, परवानगी नाही, एवढी दया त्यांनी दाखवली.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी माडीवर गेलो तेव्हा माझ्या तोंडात बरीच वाक्यं तयार होती. "झालं समाधान? तुमच्या घड्याळाने एका बाईचं मूल घेतलं."

मास्तर खिडकीशी उभे होते. जेवणाचं ताट झाकलेलं तसंच होतं. ते म्हणाले, "तिने गाठ मारली होती."

"काय?"

"पक्की गाठ. वरून सुताचे वेढे. दाईला सुटेना, दातांनी सोडली. ज्याला चोरून न्यायचंय तो कमरेला खोचतो, चोळीत टाकतो. वेढे घालत बसत नाही." मग म्हणाले, "मी इतकी वर्षं म्हणतो, काय केलं ते सांग. तिने काय केलं? घड्याळ बांधून घेतलं. हे खरंच आहे. आणि तरी मला काही कळलेलं नाही."

मी तयार ठेवलेली वाक्यं गिळली. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभर ज्यावर उभा राहिला ती फळी स्वतःच्या पायाखालून काढून बघत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. कमिटीत चारचौघांनी त्याची पाठ थोपटली होती. ती त्याला नको होती. मी पुष्कळ पुढारी पाहिले, आपल्याच जयजयकारावर संशय घेणारा हा एकच.

"उद्या तू पत्रकं वाटायला जातोस ना गिरणीत? मी येतो," ते म्हणाले.

सकाळच्या भोंग्याआधी आम्ही दारात होतो. मास्तर एका दगडावर छत्री घेऊन बसले. बायका घोळक्याने येत होत्या. एकीने त्यांना ओळखलं. "मास्तर, कुनाची वाट बघताय? हितं समद्या लगीन झालेल्या हायत."

मग मी ते बघितलं. त्या दारात मी वर्षभर उभा राहत आलो होतो, पण पत्रक घेणाऱ्या हातांपलीकडे माझी नजर गेली नव्हती. आत शिरायच्या आधी बायका एका बाजूला ओळीत थांबत. ओळीच्या तोंडाशी हौसा. एकेक जण कानातल्या बुगड्या, नथ, हातातली चांदी काढून तिच्या हातात देई. ती पदराच्या काठाशी घेऊन गाठ मारी, गाठीवर सुताचे वेढे, प्रत्येकीचं सूत वेगळ्या रंगाचं. पदर सगळा गाठींनी भरला की तो कमरेभोवती घट्ट खोचून ती आत जाई.

"हे काय चाललंय?" मास्तरांनी त्या थट्टेखोर बाईला विचारलं.

"रिळात बुगडी अडकली की कान फाटतोय, मास्तर. एकीचा फाटला. मुकादम म्हनतोय काडून ठिवा. ठिवायचं कुटं? त्याच्यापाशी ठिवलं तर परत येतंय हुय?"

"मग हौसापाशी का?"

बाई हसली. "तिच्याकडनं कायबी गेलं तर सरकार तिला फोडून काढंल. म्हून ती जिवापाड जपती. आमी काय येड्या न्हाय."

मी मास्तरांच्या कानाशी लागलो. "बघा. परिस्थिती. भीतीने माणूस प्रामाणिक राहतो. स्वभाव वगैरे काही नाही."

"नुसती भीती असती तर ती नाही म्हणाली असती," मास्तर म्हणाले. "सगळा धोका हिचा आणि फायदा त्यांचा. मग हिने ठेवून का घेतलं?"

दुपारच्या सुट्टीला सुपरिंटेंडेंटसाहेब हजेरी घ्यायला गिरणीच्या दाराशी येत. त्यांची गाडी यायच्या आत मास्तर हौसासमोर उभे राहिले. तिने त्यांना बघितलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुमच्या घड्याळानं माझी पोरगी चालली," ती म्हणाली.

मास्तरांनी हात जोडले. माफी वगैरे शब्द काढला नाही. म्हणाले, "बाई, एक विचारतो. या सगळ्याजणींचं तू का ठेवतेस?"

ती पदराची गाठ सोडत होती. मग मान वर न करता म्हणाली, "मला कुनी आजपतुर काय ठिवायला दिलं न्हवतं, मास्तर. जलमल्यापास्नं लोक मला बघितलं की आपलं आपलं उचलून आत नेत्यात. ह्यातली एक पयल्यांदा म्हनली, हौसा, धर गं जरा. न्हाय कशी म्हनू?"

मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो. एखाद्या माणसाने वर्षानुवर्षं विहीर खणावी आणि पाणी लागल्यावर नुसतं बघत राहावं, तसं ते तोंड होतं.

"आणि माझं घड्याळ?"

"खिडकी सताड उगडी. रस्त्यावरनं कुनीबी हात घालून नेलं असतं, आन् नाव माझंच आलं असतं की. ठिवलं बांधून. इचारलं असतं तर दिलं असतं. इचारलं कुनी?"

मास्तर लगेच साहेबांच्या गाडीकडे गेले. साहेब हजेरीचा कागद काढत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मास्तर, परीक्षा तुमची, घड्याळ तुमचं. आता निकाल लागल्यावर तुम्हीच रडीचा डाव खेळता?"

"परीक्षा चुकली होती."

"ती नापास झाली म्हणून चुकली?"

"माझं तिच्याकडे बघणं चुकलं म्हणून. उद्या मी घड्याळ तिच्या हातात देणार आहे. सकाळी देईन, दुपारी तुमच्यासमोर परत घेईन. तुम्ही हजेरीला येणारच आहात."

साहेबांनी चष्मा पुसला. "आणि पुन्हा काही भानगड झाली, तर मी केस करणार. तुमच्या भोळेपणापायी तिच्यावर. पोर तर जाईलच, बाईही जाईल येरवड्याला. सांगून ठेवतो."

"तिला विचारतो," मास्तर म्हणाले. साहेबांना हे वाक्य कळलंच नाही. कैद्यासारख्या बाईला विचारायचं काय असतं, असा त्यांचा चेहरा होता. मला मात्र त्या वाक्यापाशी मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पाया पडणाऱ्यांतला नाही.

हौसाने ऐकून घेतलं. तिच्या जागी मी असतो तर घड्याळ त्यांच्या अंगावर फेकलं असतं. ती म्हणाली, "माझ्याफुडं ठिवून जाऊ नका पुन्ना. हातात द्या. समद्यांच्या देखत. आन् बायकांवानी वळीत उभं ऱ्हावा."

"उभा राहतो."

"सूत कंच्या रंगाचं?"

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. इंग्रजी कवितेचे चार चार अर्थ सांगणारा माणूस अडखळला. शेवटी म्हणाले, "पांढरं."

दुसऱ्या दिवशी हायस्कुलातून रजा काढून मास्तर त्या ओळीत उभे राहिले. बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, हातात घड्याळ, पुढेमागे गिरणीतल्या बाया. सगळा फाटकाजवळचा रस्ता थांबून बघत होता. शेंगा विकणारा पाटी खाली ठेवून उभा. "मास्तर, नथ काडा की आदी," कोणीतरी ओरडलं. मास्तर पुढे सरकत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा हौसाने हात पुढे केला. त्यांनी घड्याळ तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने झाकण बंद आहे ना हे दाबून बघितलं, पदरात घेतलं, गाठ मारली, पांढऱ्या सुताचे वेढे घातले. "व्हा पुढं," ती म्हणाली, जशी बाकीच्यांना म्हणाली होती.

दुपारचा भोंगा झाला तेव्हा साहेब दारात उभे होते. बायका कापसाने पांढऱ्या होऊन बाहेर आल्या आणि ओळ लागली. मास्तर शेवटी उभे राहिले. हौसा एकेक गाठ सोडत होती. बुगडी जिची तिला. नथ जिची तिला. कुठे अडखळली नाही, कोणाचं नाव विचारलं नाही. मधेच एकीने मागे वळून मास्तरांना पुढे जा म्हणून खूण केली. मास्तर म्हणाले, "नाही, माझी पाळी शेवटी." मी साहेबांकडे बघत होतो. ते आधी बाईकडे बघत होते, मग ओळीकडे, मग पुन्हा बाईकडे.

शेवटी पांढरी गाठ राहिली. ती सुटायला वेळ लागला, कारण तिने ती जास्त घट्ट बांधली होती. घड्याळ मास्तरांच्या हातात आलं. त्यांनी झाकण उघडलं, चालू होतं. काचेच्या कडेला कापसाचा एक तंतू अडकला होता.

"हे असं रोज चालतं?" साहेबांनी विचारलं.

कालची ती थट्टेखोर बाई कानात बुगडी घालत होती. म्हणाली, "साहेब, तुमी रोज हितंच हजेरी घेता की."

साहेबांनी कागद उघडला आणि हजेरी सुरू केली. हौसाचं नाव आलं. ती "हजर" म्हणाली. त्यांनी पेन थांबवलं, तिच्याकडे एकदा मान वर करून बघितलं, आणि मग पुढचं नाव घेतलं. मला वाटतं त्या बाईकडे बघायची त्यांची ती पहिली वेळ असावी.

परवानगी आली. हौसा आणि तिची मुलगी आता गिरणीमागच्या चाळीत एका खोलीत राहतात. मुलगी शाळेत जाते. आठवड्याची हजेरी अजून द्यावी लागते, तारेचं कुंपण आहे तिथेच आहे आणि त्याच्या आत तेवढीच माणसं आहेत. ते उखडेपर्यंत मी गप्प बसणार नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

यावरून आमचं नंतर खूप वाजलं. मी म्हणालो, "एका बाईला ओळखायला तुम्हाला अख्खं आयुष्य लागलं. कुंपणात शेकडो आहेत. त्यांनी तोवर काय करायचं?"

"म्हणून तर तू पत्रकं काढ," मास्तर म्हणाले. "पण तुझं पत्रक वाचलं मी. त्यात अन्याय आहे, सरकार आहे, गरिबी आहे. हौसा कुठाय त्यात? कमिटीच्या कागदात ती नव्हती, तुझ्याही नाही."

"तिचं नाव छापू?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

तिला विचारलं. ती म्हणाली, "छापा की. खरं हाय त्ये."

मास्तरांनी ते घड्याळ पुन्हा कधी टेबलावर ठेवलं नाही. फळीचं भोक अण्णाकडून बुजवून घेतलं. कापसाचा तंतू काढायला घड्याळजीने झाकण उघडलं तेव्हा मास्तरांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, राहू दे. तेव्हापासून ते मागे पडतं. सगळ्या नोकरीत एकदाही उशीर न झालेले मास्तर आता शाळेत घंटेनंतर पोचतात आणि हेडमास्तरांना सांगतात, "आत कापूस आहे." अण्णा म्हणतो, "शास्त्र आता हळू चालतंय, पण चालतंय."

आता कोणी आलं की मास्तर घड्याळ खिशातून काढून त्याच्या हातात देतात. "धरा जरा," म्हणतात, आणि खाली पाणी आणायला जातात. परत येऊन काय केलंत म्हणून विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात मी नवं पत्रक घेऊन गेलो. पहिल्या ओळीत हौसाचं नाव होतं, तिच्या खात्याचं आणि तिच्या गाठींचं. मास्तरांना दाखवायची घाई झाली होती. गठ्ठा टेबलावर ठेवून मी बसलो तेवढ्यात त्यांनी माझ्या तळव्यावर घड्याळ ठेवलं. "धर जरा." आणि जिना उतरून गेले.

खिडकी उघडी होती. वाऱ्याचा झोत आला आणि टेबलावरची पत्रकं उडायला लागली. आधी एक, मग पाचसहा, मग सगळा गठ्ठा. काही खोलीभर झाली, काही खिडकीबाहेर गेली. खाली मागांची खटखट थांबली आणि कोणीतरी मोठ्याने वाचायला लागलं. वर काही वजन ठेवलं असतं तर उरलेली वाचली असती.

मी घड्याळ धरून बसलो होतो.